आईचं माहेरचं नाव

पौडच्या एसटी स्टँडवर आई मला सोडायला आली, तेव्हा तिला मॉन्ट्रिअल म्हणता येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. "तितं लई थंडी असती म्हनं. कानाला बांधत जा," एवढंच ती चारचारदा म्हणाली. माझ्या लग्नाला चार महिने झाले होते, नवरा पुढे गेला होता. पासपोर्टवर सासरचं नवं नाव होतं. त्या नावानं कुणी हाक मारली तर मी वळूनही बघत नसे. एसटी हलली तशी मी रडले. आई रडली नाही, याचा मला कित्येक वर्षं राग होता.

इथं कॅनडात आमची घरमालकीण मादाम तेरेझ. सत्तरीची, फ्रेंच बोलणारी, गुडघ्यांनी बेजार आणि तोंडाने फटकळ. आमच्या मुळशीत सहज खपली असती. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फ्रान्समधून आलेले, आणि त्यांची वंशावळ जुळवायचा तिला भारी नाद. नजर अधू, म्हणून शनिवारी चर्चच्या जुन्या नोंदवह्या वाचायला मला न्यायची. माझं फ्रेंच बेताचंच, पण नावं वाचता यायची. त्यांच्यात बाप्तिस्म्याला बहुतेक प्रत्येक मुलगा जोसेफ आणि प्रत्येक मुलगी मारी. हाक मारायचं नाव त्यापुढे वेगळं. एका आडनावाची घरं फार झाली की टोपणनाव चिकटवायचं, मग तेच आडनाव होऊन बसायचं. आमच्याकडे 'वरल्या आळीचे' असतात, तसंच की!

तेरेझच्या पणजीच्या मृत्यूची नोंद मी तीन शनिवार शोधत होते. सापडेना. मी नवऱ्याच्या आडनावाखाली शोधतेय हे कळल्यावर तिनं कपाळाला हात लावला. "अगं, बारा पोरं झाली तरी बाई इथं बापाच्याच आडनावानं मरते!" पाच मिनिटांत पणजी सापडली. खुशीत येऊन ती म्हणाली, "आता तुझ्या आईचं नाव सांग."

"लक्ष्मी."

"ते लग्नातलं ना? जन्माचं कुठलं?" आमच्याकडे लग्नात बाईचं नावही बदलतात, हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं.

मला माहीत नव्हतं. तेरेझनं वही मिटून टाकली, आणि ते मला फार लागलं.

आजोबांचं गाव धरणाखाली गेलेलं, आईच्या माहेरची माणसं पांगलेली. विचारणार कुणाला? आईला वाचता येत नव्हतं, म्हणून वडिलांना पत्र टाकलं. त्यांचं उत्तर आलं: लग्नात बदललं ते बदललं, आता उकरून काय करायचंय? मग सात वर्षांनी गावी गेले तेव्हा मी आईलाच विचारलं. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं.

"सगुणा," ती म्हणाली. "पन तुझ्या आजीचंबी त्येच. सासूचं नाव सुनंला कसं चालंल? मंग लक्ष्मी केलं. लई रडले व्हते मी. बा व्हता तवर त्यो म्हनायचा. त्याच्यामागं कुनीच न्हाई."

मला स्वतःची लाज वाटली. परक्या देशातल्या, दोनशे वर्षांपूर्वी मेलेल्या बायकांची नावं मला तोंडपाठ होती. आईला नावानं हाक मारणं म्हणजे आमच्याकडे थोबाडीत खायचं काम, तरी मी मारली. "सगुणा!"

"ओ," आई म्हणाली. आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडली.

माझ्यासारखे निघून आलेले मला म्हणतात, आता तुझं सगळं इथंच आहे, सारखी काय गावाला पळतेस? तुम्ही तिकडे राहिलेलेही म्हणता, एवढ्या लांबून कशाला येतेस? खरं आहे. माझी भाकरी इथली, मुलं इथली, ही थंडीसुद्धा आता माझीच. पण मुळशीत एक बाई आहे. तिला तिच्या नावानं हाक मारणारं माणूस जगात एकच उरलंय, आणि ते मॉन्ट्रिअलला राहतं.