आप्पांचे रबरी राक्षस आणि उसाचा शेवटचा तुकडा

आप्पा उसात शिरले तेव्हा मी ओरडत होते, आणि त्यांना ऐकू जात नव्हतं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. त्या दिवसाला आज वर्ष झालं.

वर्षभर ह्यावर एक अक्षर लिहिलं नाही. भीती वाटत होती. अजून वाटतेय. हे टाईप करतानासुद्धा मागचं दार लावलंय ना, ते उठून बघून आले. दिवसाढवळ्या. हसा तुम्ही.

आप्पा दौंडला रेल्वेत फिटर होते. तरुणपणी तिथल्या क्लबात पडद्यावर इंग्रजी पिक्चर लागायचे. ब्लॅक अँड व्हाईट. परग्रहावरून आलेला रबरी राक्षस, दोऱ्याला टांगलेली पत्र्याची तबकडी, पांढऱ्या कोटातला सायंटिस्ट आणि किंचाळणारी एक बाई.

आप्पांना इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं. पण वेड लागलं ते लागलंच. रिटायर होऊन कवठे येमाईला शेती करायला आले तरी सुटलं नाही.

माझ्या नवऱ्याने स्मार्ट टीव्ही आणला आणि आप्पांना शोध लागला की ते सगळे जुने पिक्चर नेटवर फुकट पडलेत. मग काय विचारता.

दुपारची जेवणं झाली की नवरा कंपनीत, सासूबाई फोटोत, आणि आम्ही दोघं टीव्हीपुढं.

लग्न होऊन आले तेव्हा मी सतराशे साठ गोष्टींना भ्यायचे. पाल, वीज, कुत्रं, गॅसचा सिलिंडर. आणि ह्या माणसाने मला पहिल्याच आठवड्यात राक्षसापुढं बसवलं.

मी डोळ्यांवर पदर घेतला तर त्यांनी पॉज केलं. उठून स्क्रीनवर बोट ठेवलं.

"ही बघ पोरी, पाठीला चेन हाय. आत माणूस हाय, घामाघूम झाल्याला."

मी हसले. त्यांनी परत प्ले केलं.

"हां, आता घाबर."

आणि खरंच, चेन दिसल्यावरही मी घाबरलेच.

एकदा विचारलं, "आप्पा, एवढे भारी नवे पिक्चर सोडून ह्या फाटक्या पिक्चरांत काय ठेवलंय?"

"नव्यात समदं दावत्यात. ह्या गड्यांकडं पैसंच नव्हतं, मग दावणार काय? नुसतं दार दावत्यात. दार हालतंय. त्या दाराकडं बघून जी तंतरती, ती राक्षस बघून न्हाई तंतरत."

मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "आन् भ्यायला शेजारी माणूस लागतंय. एकट्याचं भ्या लई वंगाळ."

प्रत्येक पिक्चरमध्ये एक जण असतोच. कुठूनतरी आवाज येतो आणि हा शहाणा एकटाच बघायला निघतो. तो निघाला की आम्ही दोघं टीव्हीवर ओरडायचो.

"आरं जाऊ नगंस मुडद्या!" आप्पा.

"जाऊ नको रे!" मी.

तो जायचाच. त्याला ऐकू कसं जाणार?

मग आमच्याकडे बिबटे वाढले. आता ते उसातच जन्मतात आणि उसातच राहतात. बिबट्या मानेला धरतो, म्हणून बायका गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतात जायला लागल्या. माझा पट्टा आप्पांनीच बांधला. मागं सरून बघितलं.

"आता तूच परग्रहावरची दिसती."

दोघंही हसलो. पण ऊस हलला की हसू पळायचं. वाऱ्याने हलला की कशाने, काही कळत नाही. अगदी ते दार.

उसाला तोड लागली की जनावर आत आत सरकतं. शेवटी मधोमध एक तुकडा उभा राहतो. जे काही असेल ते त्यात. त्या तुकड्याची सगळ्यांनाच धास्ती. म्हणून ट्रॅक्टरवर स्पीकर लावून फुल आवाजात गाणी सोडतात, आवाजाने जनावर निघून जावं म्हणून.

त्या दुपारी आमचा शेवटचा तुकडा राहिला होता. गाणी दणदणत होती. मी ऊस तोडणाऱ्यांना चहा द्यायला वळसा घालून पलीकडच्या बांधावर गेले होते.

आप्पा घरून आले ते मला तिथून दिसले. तुकड्याजवळ माझी पिशवी पडलेली, आणि मी नाही.

त्यांनी तोंडाशी हात नेऊन हाक मारली. ऐकू आली नाही, पण दिसली.

मी हात हलवला. "ओ आप्पा! मी हाय इकडं!"

त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं होतं. आणि त्या गाण्यापुढं माझा आवाज कुठला पोचायला?

तेवढ्यात तुकड्यात काहीतरी हललं. आप्पा तिकडं वळले.

"आप्पा, जाऊ नका!"

जिवाच्या आकांताने ओरडले. टीव्हीपुढं ओरडायचे तसंच.

ते एकटेच आत शिरले. मला शोधायला.

आम्ही सगळे धावलो. कुणीतरी स्पीकर बंद केला. आप्पा आत उसाला टेकून बसलेले सापडले. अंगावर एक ओरखडा नाही. डॉक्टर म्हणाले, हार्ट. जवळ ठसे होते, पण आदल्या दिवसाचे की त्याच वेळचे, कुणालाच सांगता आलं नाही.

त्यांनी आत काय बघितलं, की काहीच बघितलं नाही, हे मला कधीच कळणार नाही. मला सगळ्यात जास्त भीती ह्याचीच वाटते. रोज वाटते.

ते पिक्चर मी परत लावले नाहीत. चेन दाखवायला कुणी नाही.

आज सकाळी आमचा ऊस पुन्हा शेवटच्या तुकड्यावर आला. जाऊ नये असंच वाटत होतं. तरी पट्टा बांधून गेले.

स्पीकर लावू दिला नाही. ट्रॅक्टरवाला कुरकुरला, "ताई, गाण्याबिगर जनावर हालत न्हाई."

म्हटलं, "थाळ्या वाजवा, पर थांबून थांबून. मधी एकमेकांना हाका मारा. ज्याचं नाव घेतलं त्यानं ओ द्यायची. ओ न्हाई आली तर समद्यांनी मिळून जायाचं. एकट्यानं कुणी जायाचं न्हाई."

तुकड्याच्या चारी बाजूंनी नावं फिरत होती. ओ येत होती. सगळ्यात शेवटी माझं नाव आलं.

"सुरेखाताईऽऽ!"

"ओ! मी हाय इकडं!"

गरजेपेक्षा फार मोठ्याने दिली. बायका वळून बघायला लागल्या.

आप्पा, ह्या वेळी ऐकू आली ना?

मी इकडं आहे. तुम्ही आत जाऊ नका.

तुमच्या भित्र्या सुनेचा नमस्कार.