मामा आणि माझी गणितातली बी.ए.

आमच्या मामाइतका दुसऱ्यांच्या मतांवर जीव असलेला माणूस अख्ख्या मुंबईत झाला नसेल. त्याला स्वतःचं मत नव्हतं असं नाही, पण चार जणांना विचारून आल्याशिवाय ते त्याला आपलं वाटत नसे. हिंदमाताला कोटाचं कापड घ्यायला गेला, की दुकानदार राहायचा बाजूला आणि शेजारी साड्या बघत बसलेल्या अनोळखी बायकांना हा विचारायचा, "हा रंग मला शोभेल का हो?" त्या हसू दाबत तपकिरी म्हणाल्या, म्हणून मामा जन्मभर तपकिरी कोटात वावरला. हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या माणसाला मिसळ कशी आहे ते विचारायचा, आणि तो बिचारा "ठीक आहे" म्हणाला, की "ठीक म्हणजे नेमकी कशी?" म्हणून त्याचा घास अडवून बसायचा. स्वतःच्या लग्नाबद्दल तर त्याने इतक्या लोकांना विचारलं, की मुलीच्या वडिलांनी कंटाळून तिला दुसरीकडे दिली. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. परळच्या आमच्या चाळीसमोरून मोर्चा निघाला, की मात्र हाच मामा भरल्या ताटावरून उठायचा. आई ओरडायची, "अरे, खंय जातत ता तरी इचार!" तो जिन्यातून म्हणायचा, "मुंबई आपली. त्यात काय इचारूचा?"

मामा फोर्टातल्या एका कंपनीत कारकून होता आणि आमच्याकडेच राहायचा. वडील गिरणीत होते. मी इंटर पास झाले आणि जाहीर केलं, की बी.ए. करीन ती गणित घेऊन. वडील शांतपणे म्हणाले, "आणखी दोन वर्षांची फी, पुस्तकं. आणि पुढे काय? त्यापेक्षा टायपिंग, शॉर्टहँड शीक. लगेच नोकरी लागेल." ते चुकीचं बोलत नव्हते. पाठचे भाऊ अजून शाळेत होते. आईने तव्यावरची भाकरी उलटत आपलं मत दिलं, "चेडवाचा लगीन करूचा, की गणितां सोडवीत बसूचा?"

मामा म्हणाला, "थांबा. मी इचारून येतंय."

मग कितीतरी दिवस तो माझं गणित घेऊन मुंबईभर हिंडला. त्याच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, विमा कंपन्यांत गणितवाल्यांना मान आहे, पण तिथे मुलीला कोण घेणार? ओळखीचे एक मुख्याध्यापक म्हणाले, गणिताला शिक्षक मिळत नाहीत हे खरं, पण पगार विचारू नका. करी रोडच्या शिंप्याने गळ्यातली टेप न काढता निकाल दिला, "गणितवाली बायको? नवऱ्याने विडीचे पैसे लपवायचे कुठे?" रोज जेवताना मामा ही मतं ज्याच्या त्याच्या आवाजात, एक शब्दही न गाळता आम्हाला ऐकवायचा. भाऊ खो खो हसायचे. मी खाली मान घालून भात कालवत राहायची. जाहिराती मीही वाचत होतेच. स्टेनो पाहिजे, टायपिस्ट पाहिजे. गणित येणारी मुलगी पाहिजे, असं कुणी छापत नव्हतं.

फी भरायची मुदत संपत आली. एका संध्याकाळी मामा गॅलरीत माझ्या शेजारी येऊन बसला. विचारायला आता मीच तेवढी उरले असावे.

"तुका गणितच कित्याक होया गो?"

गणितच का, हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "इतिहासाचा पेपर लिहिला, की बाई मार्क देईपर्यंत मला कळत नाही, बरोबर लिहिलं की चूक. गणित सुटलं, की मला तिथल्या तिथे कळतं. कुणाला विचारावं लागत नाही."

मामाने माझ्याकडे वळून पाहिलं. "कोणाकच नाय?"

"कुणालाच नाही."

दुसऱ्या दिवशी ऑफिस बुडवून तो माझ्याबरोबर कॉलेजात आला आणि फी भरून मोकळा झाला. घरी आल्यावर फक्त म्हणाला, "भरलंय." वडिलांनी त्याच्याशी बरेच दिवस अबोला धरला. मामाला अबोला म्हणजे उपासासारखा. पण तोही त्याने काढला.

राज्य झालं त्याच उन्हाळ्यात मी पास झाले. मामाने चाळभर पेढे वाटले आणि कशाचे, ते ज्याचं त्याने ठरवावं म्हणाला. पुढे दादरच्या एका शाळेत नोकरी लागली, तीही आधी हंगामीच. माझ्याबरोबरीच्या, शॉर्टहँड शिकलेल्या मैत्रिणीने तोवर स्वतःला घड्याळ आणि आईला पाटल्या केल्या होत्या. एकदा मी पगार हातात घेऊन हसत म्हटलं, "मामा, तुझी माणसं खरं सांगत होती हं."

"खरांच सांगत होती," मामा म्हणाला. "म्हणान तर परत इचारूक गेलंय नाय."

निवृत्त झाल्यावर तो कधीकधी दुपारी शाळेकडे यायचा. आत यायचा नाही. माझ्या वर्गाच्या खिडकीखाली, भिंतीच्या सावलीत उभा राहायचा. मला शिपायाने सांगितलं तेव्हा मी खिडकीतून वाकून पाहिलं. तो चोरी पकडल्यासारखा हसला. "चलांदे, चलांदे. माका काय एक कळना नाय. पण आयकाक बरां वाटता."

त्यानंतर तो आलाय असं वाटलं, की मी प्रमेय जरा मोठ्याने सांगायची, बाहेरपर्यंत पोचेल असं. मामा गेल्यालाही आता खूप वर्षं झाली. पण तो चढा आवाज मला नंतर कधी खाली आणता आला नाही. नव्या बाई शेजारच्या वर्गातून येऊन म्हणायच्या, "अहो, मुलं तर समोरच बसलीयत. इतकं मोठ्याने कुणासाठी?"