पित्त साबूत

रेहानाचा फोन आला तेव्हा मी ऑपरेशनसाठी हात धुवायला निघाले होते. "ताई, अब्बा गेले... सकाळी चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत..." दाऊदचाचा गेले त्याला आता पाच आठवडे झाले. पण गळा काढून लिहिणं मला जमणार नाही. ज्या माणसाने मला आयुष्यातला सगळ्यात धमाल महिना दिला, त्याच्यावर रडका लेख लिहिला तर तो वरून ओरडेल, "बाय, खलास कर ता रडगाणा!"

नव्वदच्या दशकातलं बहरीन. बाबा एका कंपनीत ड्रायव्हर, मनामात आमच्या दोन खोल्या आणि शेजारच्या खोलीत गुहागरकडचे दाऊदचाचा. मासळी बाजारात मासे साफ करायचं त्यांचं काम; बायको आणि मुलगी रेहाना गावी. मी सखीरच्या विद्यापीठात पहिल्या वर्षाला होते. जीवशास्त्रात चांगली ग्रेड मिळाली तरच मेडिकलचं दार उघडणार होतं, नाहीतर गावी जाऊन मिळेल ते शिकायचं, असं घरात ठरलेलं. पण मी भलत्याच खुशीत होते! चारी बाजूंनी वाळवंट, मध्ये ते अवाढव्य कॅम्पस, दोनशे मुलांचा लेक्चर हॉल आणि सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी... त्या दिवशी घरी येऊन मी आईला फोडणीचा कांदा चिरू दिला नाही, आधी पेशी समजावल्या. आमटीला उशीर झाला म्हणून बाबांची बोलणी खाल्ली ती वेगळीच.

मग आली माशाची चिरफाड. मी हौसेने सुरी चालवली आणि पहिल्याच फटक्यात पित्ताशय फोडलं. हिरवट पाणी सगळीकडे पसरलं, एक अवयव धड ओळखू येईना. फायनलला असं केलंस तर शून्य, असं मॅडमनी बजावलं. फायनल महिन्यावर आलेली.

घरी सराव करावा म्हणून मी चाचांना म्हटलं, "उद्या मला एक हमूर मासा हवा, कापायला शिकायचंय." दुसऱ्या दिवशी चाचा हसत हजर. पिशवीत हमूर होता खरा, पण खवले काढलेला, पोट रिकामं केलेला, वर चिरा देऊन हळद-मीठ चोळलेला! मी डोक्याला हात लावला.

"चाचा, मला आतलंच सगळं हवं होतं!"

"आतला? आतला मांजरांना टाकतात, बाय! आपल्या माणसाला असा घाणेरडा मासा कोण देतो काय?"

बाजारात गिऱ्हाइकाला विचारून मासा साफ करतात, घरच्या माणसाला न विचारता. चाचांच्या लेखी मी घरची होते, त्यामुळे माझा अभ्यास मांजरांच्या पोटात गेला होता. हमूर आम्ही तळून खाल्ला.

त्यानंतरचे चार शुक्रवार... दुपारच्या नमाजानंतर चाचा अख्खे मासे घेऊन यायचे, कधी हमूर, कधी साफी. मी वर्तमानपत्र पसरू लागले की आधी वाकून बघायचे. "अरबी नको, अल्लाचा नाव असंल त्यात. इंग्रजी आण." मग शिकवणी सुरू. "सुरी खुपसू नको. कातडी उचल, मग काप. काळजाखाली हिरवा थेंब दिसतो? तिथे गेलीस की हात थांबव, श्वास घे. पित्त फुटला तर कितीपण महाग मासा असूंदे, सगळा कडू." बदल्यात मी त्यांना अवयवांची कामं सांगायची. पोटातला पांढरा फुगा त्यांनी हजारो वेळा उपटून फेकला होता. त्यातल्या हवेवर मासा पाण्यात तरंगतो हे कळल्यावर ते उभेच राहिले. "म्हंजे इतकी वर्षा मी त्याचा तरंगायचा सामान फेकत होतो!" दुसऱ्या दिवशी अख्ख्या बाजाराला त्यांनी हे ऐकवलं म्हणे.

परीक्षेच्या सकाळी बाबांची शिफ्ट होती, म्हणून चाचांनी मासळीची पिकअप मागून आणली. "यल्ला, बस!" सखीरपर्यंत खिडक्या उघड्या ठेवूनही मी वासाने माखले. शेजारच्या टेबलावरची मुलगी दोन पावलं सरकली. सरकू दे! कातडी उचलली, कापली, हिरव्या थेंबाशी हात थांबवला, श्वास घेतला... मग एकेका अवयवाला टाचणी टोचून चिठ्ठी लावली. बाहेर आले तर चाचा उन्हात गाडीला टेकून उभे. पेपर कसा गेला वगैरे काही नाही, एकच शब्द.

"पित्त?"

"साबूत!" मी ओरडले. त्यांनी हॉर्न असा दाबून धरला की गेटवरचा रखवालदार धावत आला.

मला मेडिकलला प्रवेश मिळाला, पुढे मी सर्जन झाले, चाचा गुहागरला परतले. दर ईदला मी फोन केला की सलामाच्याही आधी त्यांचा तोच प्रश्न, माझं तेच उत्तर. गेल्या ईदला त्यांचा आवाज पार खोल गेला होता. "पित्त?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात मला वॉर्डातून बोलावणं आलं आणि "नंतर करते, चाचा" म्हणून मी फोन ठेवला. तो नंतरचा फोन राहूनच गेला. याचं मला फार वाईट वाटतं.

त्या सकाळी रेहानाशी बोलून मी हात धुतले. ऑपरेशन पित्ताशयाचंच होतं. सुजलेलं, फुटायच्या बेतात आलेलं. तिथवर पोचल्यावर मी हात थांबवला, श्वास घेतला. "डॉक्टर, काही प्रॉब्लेम?" नर्सने विचारलं. मी मान हलवली. तासाभराने पित्ताशय अखंड बाहेर आलं. ते मी स्टीलच्या वाटीत ठेवलं आणि मास्कच्या आतच म्हणाले, "साबूत, चाचा."