पंखांना वाळू

रविवार, ११ जानेवारी १९७६. सहाला उठले. नळ सव्वासातला आला, पावणेआठला गेला; दोन घागरी कमी भरल्या. काल टेंभुर्णीहून भाचीचं कार्ड आलं, संक्रांतीला येत नाही. तीळ निवडायला घेतले. जेवणानंतर मागच्या खोलीत रुद्रप्पांचा अग्निबाण पाहायला जायचं आहे. मंगळवारी तो संक्रांतीच्या यात्रेत, त्यांच्या कारखान्याच्या स्टॉलवर जाणार.

एवढं लिहून गोदावरीबाईंनी पेनाला टोपण लावलं. दिवसातून दोनदा त्या डायरी लिहीत, एकदा जेवणाआधी आणि एकदा दिवेलागणीला. पुण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये तेराव्या वर्षी लागलेली ही सवय लग्नातही मोडली नाही आणि रेल्वेत गार्ड असलेले यजमान नऊ वर्षांपूर्वी गेले, त्या दिवशीही मोडली नाही. तिथल्या सिस्टरनी एकच नियम शिकवला होता: घडलं तेवढंच लिहायचं आणि लिहिलेलं खोडायचं नाही. चौपन्न वर्षांच्या वह्यांत एकही काट नव्हती, आणि याचा बाईंना मनातून चांगलाच अभिमान होता.

रुद्रप्पा त्यांच्या मागच्या खोलीतले भाडेकरू. वय पन्नाशीचं, अंगानं काटकुळे, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. चादरीच्या कारखान्यात ते पंचिंगचं काम करत. चादरीवरचा मोर किंवा कमळ आधी चौकटीच्या कागदावर ठिपक्यांनी काढतात. त्या ठिपक्यांबरहुकूम पुठ्ठ्याच्या लांब पट्ट्यांना भोकं पाडायची, आणि त्या पट्ट्या मागावर चढल्या की भोकांप्रमाणे सूत उचललं जातं. एक भोक चुकलं तर पुढच्या प्रत्येक चादरीत मोराचा डोळा गालावर येतो. तीस वर्षं रुद्रप्पांनी दुसऱ्याचे ठिपके पाहून भोकं पाडली. चादरी परगावी गेल्या, परदेशी गेल्या. त्यांच्यावर यांचं नाव कुठं असणार?

अग्निबाणाचा नाद त्यांना मंगळवारच्या बाजारात लागला. कुणा अमेरिकन साहेबाच्या घरातलं सामान विकायला आलं होतं, त्यात अग्निबाणाच्या प्रतिकृतीचे दोन खोके होते, सुटे भाग आत, झाकणावर रंगीत चित्र आणि १९६२ साल. कागदाची नळी, निमुळतं टोक, आणि पंखांसाठी कापसासारख्या हलक्या लाकडाच्या फळ्या. खऱ्या अग्निबाणाच्या पंचेचाळिसाव्या हिश्शाचं माप. पहिला खोका रुद्रप्पांनी नुसत्या चित्रावरून जुळवला, तो वाकडा झाला. दुसऱ्याला हात लावण्याआधी त्यांनी जुळणीच्या सूचनांचा इंग्रजी कागद बाईंसमोर ठेवला. "बाई, रोज एक कलम वाचा. तेवढंच करतो. दुसऱ्या दिवशी दुसरं."

गल्लीत इंग्रजी येणाऱ्या बाई एकट्याच. नोव्हेंबरअखेरीपासून दिवेलागणीच्या आधी हे वाचन चाले. रुद्रप्पांनी नळीवरच्या बारीक कडा दाखवायला ऐंशी नंबरचं, अगदी बारीक सूत गुंडाळलं, एका केसाच्या कुंचल्यानं काळे चौकोन भरले, पिवळी पडलेली अक्षरांची चिकटचित्रं पाण्यात सोडून सुईच्या टोकानं उचलून बसवली. मागच्या वर्षी आपला उपग्रह वर गेल्यापासून कारखान्याच्या मालकांनाही अग्निबाणाचं वेड होतं. त्यांनी अग्निबाणाची चादर काढली, आणि यात्रेतल्या स्टॉलवर तिच्यापुढे हा नमुना ठेवायचं ठरवलं. शेजारी पाटी असणार होती, तिच्यावर रुद्रप्पांचं नाव. बाईंच्या वळणदार अक्षरात.

जेवण उरकून बाई मागच्या खोलीत गेल्या. रुद्रप्पांनी अग्निबाणावर झाकलेलं जुनं धोतर बाजूला केलं. हातभर उंच, पांढराशुभ्र अग्निबाण पाटावर उभा होता. बाईंची नजर वरून खाली आली, आणि तळाशी थांबली. चारही पंख गिलावा न केलेल्या भिंतीसारखे खरबरीत होते.

"हे काय लावलंय?"

"वाळू," रुद्रप्पा म्हणाले. "सातवं कलम."

"कसली वाळू?"

"भीमेची. सीनेची जाड पडती. मग मंगळवेढ्याच्या एस्टीनं बेगमपुरापर्यंत गेलो. एक खाडा झाला."

"आणि माझ्या मलमलच्या लुगड्यातनं तीनदा चाळली," त्यांची बायको शिवम्मा चुलीपाशी बसून म्हणाली. "एवढी वाळू घरात आली अक्का, एक न्हाणी बांधून झाली असती. पंखांना म्हणं वाळू. आता बाणाला खडी टाकून रस्ता करा."

"ही अशीच बोलती," रुद्रप्पा म्हणाले. "आठव्या कलमात धूळ पुसा म्हटलंय, ते कळंना. पुसली तर वाळूच जाती. मग नुसती फुंकर मारली."

बाईंनी कागद मागितला. सँड द फिन्स लाइटली, विथ द ग्रेन. शब्द तेच होते. पुढच्या ओळीत गुळगुळीत झाल्यावर धूळ पुसा, असं होतं. वाळू लावून काय गुळगुळीत होणार? झाकणावरच्या चित्रातले पंख आरशासारखे होते. "येते मी," एवढं म्हणून त्या घरात आल्या. पायांत चपला तशाच राहिल्या.

शाळेत इंग्रजीच्या पहिल्या नंबराला मिळालेली डिक्शनरी त्यांनी काढली. सँड म्हणजे वाळू, हे पाहायला त्यांनी ती कधी उघडलीच नव्हती. वाळूखाली बारीक अक्षरात दुसरा अर्थ होता: घासून गुळगुळीत करणे. त्यांनी तो दोनदा वाचला. मग ग्रेन पाहिला. धान्याचा दाणा, आणि तीन ओळी खाली, लाकडाची रेघ.

त्या पलंगावर बसल्या. मग गेल्या वर्षीची वही काढून ४ डिसेंबरचं पान उघडलं. त्यांच्याच अक्षरात, स्वच्छ, एकही काट नसलेलं: "रुद्रप्पांना सातवं कलम सांगितलं. पंखांना हलकी वाळू लावावी, बारीक दाण्याची." बारीक दाण्याची हे तर त्यांनी स्वतः विचार करून जुळवलं होतं.

गप्प बसलं तर कुणाला कळणार होतं? गल्लीत कुणालाच नाही. पण यात्रेत कॉलेजातले प्राध्यापक येतात, रेल्वेचे इंजिनियर येतात. त्यांतला एखादा वाकून पंख पाहील आणि मग शेजारची पाटी वाचेल. हसू येईल ते त्या नावावर. बाई उठल्या.

रुद्रप्पा अग्निबाणावर पुन्हा धोतर टाकत होते.

"रुद्रप्पा, झाकू नका. वाळू लावायची नव्हती. घासून गुळगुळीत करा, असं लिहिलंय. मी चुकीचं सांगितलं."

शिवम्माच्या हातातली परात हातातच राहिली. रुद्रप्पांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुमी चुकलात?"

"हो."

"म्हंजे तुमी, बाई?"

"डिक्शनरीत पाहून आले."

"म्हंजे पॉलिश पेपरनं घासायचं?"

"हो."

"पॉलिश पेपर तर ह्या कोनाड्यात चार तुकडे हायेत की," रुद्रप्पा हळू म्हणाले. वाळूसाठी भीमेला जाऊन आलेला माणूस हे सांगत होता.

"तुम्हाला शंका आली नाही?"

"आली व्हती."

"मग विचारलं का नाही?"

"ठिपका असला की भोक पाडायचं," ते म्हणाले. "ठिपका काढणाऱ्याला कुणी विचारतं व्हय? तीस वर्षं न्हाय विचारलं. त्यात तुमी."

सिस्टरनी बाईंना लिहिलेलं खोडू नये हे शिकवलं होतं. चुकीचं सांगितलेलं निमूट करणारा माणूस समोर असला तर काय करायचं, ते कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

रुद्रप्पांनी ब्लेडनं एका पंखाची वाळू खरवडायला घेतली. डिंक लाकडात मुरला होता. दुसऱ्या ओढीला पंख उभा चिरला आणि त्याचा अर्धा भाग पाटावर पडला. खोक्यात दुसरी फळी उरली नव्हती.

"झालं," शिवम्मा म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता.

मग रुद्रप्पा उठून पलंगाखालून पुठ्ठ्याच्या कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा काढून बसले. "भोक चुकलं की पट्टी टाकत न्हाईत, बाई. वरनं चिकटी लावायची, वाळवायची, परत पाडायचं. मागाला पत्ता लागत न्हाय." चिरलेला पंख जोडून पुठ्ठ्यावर ठेवला, पेन्सिल फिरवली. चारही पंखांसाठी तीन-तीन थर चिकटवून वर इस्त्री ठेवली. बाई इस्त्रीवर हात दाबून बसल्या होत्या, शिवम्मा खळ ढवळत होती.

पंख सुकून कापून झाले तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. रुद्रप्पांनी पॉलिश पेपर हातात घेतला आणि थांबले. "सातवं कलम परत वाचा की."

बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. "अजून माझ्याकडूनच?"

"मग कुणाकडनं?"

त्यांनी डिक्शनरी मांडीवर घेतली आणि शब्द न् शब्द पाहून वाचलं. पंख हलके घासावेत. लाकडाच्या रेघेच्या दिशेनं. "पण हा तर पुठ्ठा," त्या म्हणाल्या. "ह्याला रेघ कुठली?"

"असती की. दुमडून बघा, एकीकडं सरळ दुमडतो, एकीकडं मोडतो." ते घासायला लागले. थोड्या वेळानं मान वर न करता म्हणाले, "पाटीवर नाव तेवढं नीट लिवा. रुद्रप्पाचा रुद्राक्ष करू नका."

शिवम्मा फिस्सकन हसली. बाईंना हसू आलं नाही.

दिवा लावून त्यांनी वही उघडली. ४ डिसेंबरच्या पानाला त्यांनी हात लावला नाही. आजच्या तारखेखाली लिहिलं: "गेल्या ४ डिसेंबरची नोंद चूक आहे. माझी." थोडं थांबून, शाई वाळल्यावर, पुढची ओळ लिहिली:

"उरलेली वाळू, डालड्याचा पाऊण डबा, शिवम्माने भांडी घासायला ठेवून घेतली."