ऑरिन टटलचं बटण

ऑरिन टटल आमच्या इंडियानातल्या गावचा खोगीर शिवणारा. हाताला कसब, तोंडाला कुलूप. अमेरिकेत उत्तर-दक्षिणेची लढाई पेटल्यावर युनियनची, म्हणजे उत्तरेची, बाजू घेणाऱ्यांची मंडळं गावोगाव निघाली. आम्हीही चर्चच्या तळघरात जमून शपथा घ्यायचो, जखमींसाठी पट्ट्या गुंडाळायचो आणि गरजेपेक्षा जास्त भाषणं ठोकायचो. ऑरिन कधी फिरकला नाही.

मग त्याचा शिपाई झालेला पोरगा लायमन मांडीत गोळी लागून नॅशव्हिलच्या इस्पितळात पडल्याचं कळलं. मंडळाच्या पट्ट्यांच्या पेट्या घेऊन शनिवारी एक जण तिकडे जाणार होता, आणि सभासदाशिवाय कुणाला पाठवायचं नाही असा आमचा नियम. ऑरिन शपथ घ्यायला आला. दारावर मीच होतो.

तळघरात उकडत होतं म्हणून त्याने कोट उघडला, आणि पँट पेलणाऱ्या गॅलिसच्या पट्ट्यावर तांब्याचा सेंट चमकला. कडा कातरलेला, नुसतं स्वातंत्र्यदेवीचं मुंडकं ठेवलेला. गावात राहून दक्षिणेची तळी उचलणाऱ्यांची हीच खूण. सगळे उठून उभे राहिले. खोटं कशाला बोलू, मलाही तो फितूर वाटला.

"काढ ते," अध्यक्ष प्रुइट म्हणाले. ते गावचे वाणी.

"नाही काढता येत."

"इतका पुळका?"

"पँट खाली येईल."

ही थट्टा समजून हॉबार्ट लोहाराने सेंट ओढून तोडला. पँट खरंच घोट्यापाशी गेली. ठिगळं लावलेल्या लाल चड्डीत ऑरिन तसाच उभा राहिला.

"बटण तुटलं होतं. सेंट काजात जाईना, म्हणून कडा कातरल्या," तो म्हणाला. "आता शपथ द्या. पोर एकटं आहे तिकडे."

आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळं तळघर. शरमेने माझे कान तापले होते, तरी मीही हसलो. शपथेला एक हात बायबलवर, दुसरा वर. तेव्हा त्याची पँट मागून मी धरली. शनिवारी ऑरिनच पेट्या घेऊन गेला.

तीन आठवड्यांनी ऑरिनचं पत्र आलं. प्रुइटांनी ते मंडळात वाचलं: "लायमनचा पाय वाचला. शपथेची हकीकत सांगितली. हसला. इथे आल्यापासून पहिल्यांदाच, असं नर्सबाई म्हणतात."

प्रुइटांनी चष्मा पुसला. हॉबार्ट म्हणाला, "तेवढंच परत वाचा."