डिसेंबरची भिशी

कुसगावात मी कामाला आहे त्या हॉटेलासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींमुळे मी यंदा नाताळाला नवापूरला घरी जातोय. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून मी घराबाहेर. पगार हातात टिकेना, म्हणून मावशींनी मला आपल्या भिशीत घेतलं. पगाराच्या दिवशी म्हणायच्या, "सायब, हप्ता आधी, चहा मागनं."

डिसेंबरची चिठ्ठी माझी निघाली, तरच तिकीट आणि बहिणींचे कपडे होणार होते. जीव नुसता टांगणीला. चिठ्ठी निघाली मावशींची; तिच्यावरही नुसतं 'मावशी' एवढंच.

पदराला हात पुसत त्या हसल्या. "रडतो कशाला, येड्या? माजी दिवाळी झाली. आता तुजा सण हाय, पैसं तू घे. माजा नंबर मागनं लागंल."

मावशी, एखाद्या दिवाळीआधी माझी चिठ्ठी निघेल, तेव्हा ते पैसे तुम्हीच घ्यायचे.