जफरभाईचा चार डिस्कचा डबा

महागावात जफरभाई लग्नाची शुटिंग करे. माझं शिलाईचं दुकान त्याच्या दुकानाले लागूनच. कापसानं लोकायले रडवलं त्या सालांत लग्नाची शुटिंग व्हायची, पण पैसे देऊन सीडी न्यायले कोणी फिरकत नसे. दुसऱ्यानं ती शुटिंग पुसून टाकली असती. ह्यानं ती जपायले चार हार्ड डिस्कचा डबा आणला.

त्याले रेड म्हणतात, अन् त्यातही प्रकार. एका प्रकारात सगळी जागा वापरायले भेटते, पण एक डिस्क मेली की सारंच गेलं. जफरभाईनं दुसरा निवडला. त्यात एका डिस्कएवढी जागा कमी होते, पण एक मेली तर बाकीच्या तिघी मिळून तिच्यातलं सांगतात. म्या म्हटलं, "काहून जागा वाया घालवतं बापा?"

"मास्तर, नवरदेव पुन्हा घोड्यावर बसत नाही."

रमजानात त्याच्या बायकोनं, रशीदाभाभीनं, दुकानात ईदची सफाई काढली. चारही डिस्क भांड्यांसारख्या पुसल्या, अन् हाती आल्या तशा खोचल्या. डबा जुना, खण बदलले की त्याले काहीच ओळखू येत नसे.

नेमकी त्याच दिवशी सत्यभामाबाई आली. तिचा मारोतराव जिनिंगात हमाल, मागच्या थंडीत तापानं गेलता. "फोटो हाय भाऊ, पण आवाज नाही. आमच्या पोरीच्या, रुपालीच्या लग्नात बोलला असन नं काही?"

कॉम्प्युटर विचारत होता, सगळं नव्यानं मांडू का? "हो म्हटलं तर लग्न गेलं," जफरभाई म्हणाला, अन् ते बटण न दाबता डिस्कच्या जागा बदलून पाहत बसला. भाभी कोपऱ्यात रडत होती. मले वाटलं, आता हा भडकते. तर म्हणतो, "रो मत. चमकाए तो मस्त है." असा नवरा म्या दुसरा पाह्यला नाही, अन् मी स्वतः तर नाहीच.

भाभीनं सत्यभामाबाईपुढं खिचडीचं ताट ठेवलं. बाई सकाळपासून उपाशी, पण हात लावे ना. "तुमचा रोजा, अन् मी कशी खाऊ?" खरं तर तिले घासच उतरला नसता.

दुपार कलली तेव्हा लग्न उघडलं. पंगतीत मारोतराव वरणाची बादली घेऊन वाढत होता. कॅमेऱ्याकडं पाहेच ना. मग मागं वळून म्हणाला, "रुपालीची माय, तू जेवली का वो?"

सत्यभामाबाईनं पदर डोळ्याले लावला. "नाही जेवली," ती पडद्याले म्हणाली, अन् ताट जवळ ओढलं.